वॉल्टरभाऊंची गच्ची

प्लेनो, टेक्सास
आषाढी पौर्णिमेनंतरचा सोमवार, १९९४

आयुष्मती विहीणबाई पद्मिनीताई यांना देवकाचा मनापासून जय भीम.

तर सगळ्यांच्या आधी आली ती शोभनाच. बोलावणं दोन वाजताचं, आणि ही बाई आमची जेवणाची ताटं उचलायच्या आत दारात हजर, हातात ढोकळ्याचा ट्रे. (शोभना म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, पुण्याची. तिचा नवरा नरेंद्र आपल्या प्रफुल्लच्याच हापिसात आहे.) "काकू, म्हटलं तुम्हाला मदत करावी," असं म्हणाली, आणि सोफ्याचा तो कोपरा, जिथे छतातून थंड हवा सरळ डोक्यावर पडते, तो जो धरला तो सोडायचं नाव नाही. मदतीचं म्हणाल तर ढोकळ्याला फोडणी तिने माझ्याकडूनच घालून घेतली. तिच्यामागून नरेंद्र आला, आणि मग शेजारचे वॉल्टरभाऊ, त्यांच्या डोरीनबाई आणि त्यांची पोटुशी लेक जिल. पण हे मी शेंड्याकडून सुरू केलं बघा. आधी तुमची खुशाली विचारायला हवी होती. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? व्याही अजून थंड पाण्यानेच आंघोळ करतात, की आता कुणाचं ऐकतात? तुम्ही शाळेत शिकवलेल्या, मी तिसरीतून उठलेली, तेव्हा माझ्या वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या तर लाल पेन काढू नका.

इकडे सगळे मजेत. प्रफुल्लचं पोट वाढलंय, तुमच्या उपासनाचं कमी झालंय (काळजी नको, ते ती मुद्दाम करते), आणि आपली नात केया माझ्याशी मराठीत सुरू करते आणि इंग्रजीत संपवते. माझं तर काय विचारता, मी इतकी खुशीत आहे की आरशात बघायची लाज वाटते. एप्रिलात आले, आणि आपलं ठरलंय तसं ऑक्टोबर लागला की परत. सहा महिने मी, मग सहा महिने तुम्ही. तुमचं तिकीट काढायचं चाललंय असं उपासना म्हणाली. ठरलेल्यात खोडा घालणारी बाई मी नाही. फक्त वॉल्टरभाऊंची गोष्ट अर्धी राहिलीय, आणि तिचा शेवट कळायच्या आत मला इथून उठावं लागणार, एवढंच जिवाला लागून राहिलंय. तेव्हा ती गोष्ट तुम्हाला नीट, पहिल्यापासून सांगते. हातात काही काम असेल तर बाजूला ठेवा.

तुम्ही अजून हे गाव पाहिलं नाही म्हणून सांगते, इथली दुपार म्हणजे झोपेत पडलेलं स्वप्न आहे. रस्ते आपल्या इतवारीच्या चौपट रुंद, आणि त्यांवर माणूस नाही. गवतातून आपोआप नळ वर येतात, पाणी उडवतात आणि कुणी बोलावलंच नव्हतं असे पुन्हा जमिनीत जातात. आभाळ एवढं मोठं की त्याला दुसरं काही कामच नाही. सुरुवातीला मी खिडकीशी बसून कुणी जाताना दिसतं का बघायची. दिसायचा तो एकटा टपालवाला, तोही गाडीतून न उतरता पेटीत पत्रं सारून जायचा. इंदोऱ्यात आपल्या दारावरून सकाळपासून किती जण "काय देवकाबाई, चहा झाला का" म्हणत जातात! इथे चहा झाला का हे विचारायला कुणी नाही, त्यामुळे झाला की नाही हे माझंच मला आठवायचं नाही.

मग मे महिन्यात एक वादळ झालं, आणि मागच्या अंगणाच्या कुंपणाची एक फळी पडली. प्रफुल्ल हातोडी घेऊन निघाला होता, मी म्हटलं राहू दे, वारा येतो. तर जूनमधल्या एका सकाळी मी त्या फटीतून बघते, तर पलीकडे एक म्हातारा गोरा माणूस, लालबुंद झालेला, आणि कुंपणावर लोकरीचा लाल-पांढरा मफलर वाळत घालतोय. या उन्हात! इथलं ऊन म्हणजे आपल्या नागपूरचं धाकटं भावंड आहे, दोघं एकाच आईची. मला वाटलं माणूस आजारी असणार. मी आत गेले आणि पन्ह्याचा पेला आणून फटीतून पुढे केला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि रिकामा पेला परत करताना असं काही बोलले की ते इंग्रजी आहे हे मला नंतर कळलं. आमची ओळख झाली ती अशी.

हेच वॉल्टरभाऊ. विलायतेचे, लेकीकडे राहायला आलेले. तिथल्या उत्तरेला समुद्रकाठचं कुठलंसं गाव आहे, नाव तोंडात बसत नाही. जहाजं बांधायच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. (मी म्हटलं, आमच्या केयाचे आजोबा गिरणीत होते, तीही बंद पडली. यावर आम्ही दोघांनी पन्ह्याचा आणखी एकेक पेला घेतला.) त्यांचं इंग्रजी असं आहे की त्यांचा टेक्सासचा जावईसुद्धा "सॉरी?" "सॉरी?" करत बसतो. मला तर सगळ्यांचंच इंग्रजी सारखं, त्यामुळे साऱ्या प्लेनोत त्यांच्याशी न अडखळता बोलणारी मी एकटीच. आणि डोरीनबाई तर लाख माणूस. रोज मला बघितलं की हसून म्हणायच्या, "हॅलो, पेट!" मला वाटलं, बाई हिंदी शिकून आलीय आणि माझ्या पोटाची चौकशी करतेय. मी पोटावर हात ठेवून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायची. त्याही आपल्या पोटावर हात ठेवून मान हलवायच्या. पुढे उपासनाने सांगितलं, आई, त्यांच्याकडे लाडाने असं म्हणतात. पण तोवर आमची सवय पडली होती, आता आम्ही पोटावर हात ठेवूनच भेटतो.

आता मुद्द्याचं. एका रविवारी उपासना माझ्यासोबत फटीपाशी आली आणि मी तिला म्हटलं, बाई, यांना एकदाचं विचार तो मफलर कशाचा. तर तो निघाला त्यांच्या गावच्या फुटबॉल टीमचा. विचारायची खोटी, माणूस असा सुटला की उपासनाचा श्वास पुरेना. "आई, ते म्हणतायत, त्यांची टेरेस गेली. लहानपणापासून तिथे उभं राहून मॅच बघायचे, वडिलांबरोबर. आता मे महिन्यात शेवटची मॅच झाली आणि गव्हर्न्मेंटच्या रूलमुळे टेरेस काढून टाकली."

टेरेस! आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल टेरेस म्हणजे काय. गच्ची! म्हटलं, अगं सरकारला गच्चीशी काय करायचंय? तर उपासना म्हणाली, मागे एका मैदानात गर्दीत चेंगरून खूप माणसं गेली, लहान पोरंसुद्धा, तेव्हापासून हा नियम आला. ते ऐकून मी डोक्यावर पदर घेतला. वॉल्टरभाऊसुद्धा टोपी काढून उभे होते. म्हणाले, त्यावर आपलं काही म्हणणं नाही, पोरं घरी परत यायलाच पाहिजेत. मी म्हटलं खरंच आहे, गच्चीला कठडा नसेल आणि एवढी माणसं चढली तर दुसरं काय होणार. उपासनाने ते सांगितलं, आणि वॉल्टरभाऊ म्हणाले, कठड्याचंच सगळं होतं. म्हणजे बघा, आमचं एकमेकांना किती बरोबर कळत होतं.

मग मी विचारलं, आता तुम्ही वाळवण कुठे घालता? (साधा प्रश्न आहे. गच्ची गेली तर कुरडया, मुंगवड्या कुठे जाणार?) उपासनाने काय सांगितलं कोण जाणे, पण ते म्हणाले, आता वाळवायची गरजच नाही, वर छप्पर घातलंय. गच्चीवर छप्पर! मी म्हटलं, अहो, मग ती गच्ची कसली, ती खोली झाली! ते म्हणाले, अगदी हेच मी सांगतोय, खोली झाली! आणि खोलीत खुर्च्या मांडल्या, खुर्च्यांना नंबर टाकले, आणि ज्या जागी उभं राहायला पूर्वी सिगारेटच्या पाकिटाएवढे पैसे पडायचे तिथे बसायला आता डोरीनचा हिवाळ्याचा कोट येईल एवढं तिकीट. मी तर थक्क झाले. आपल्याच गच्चीवर बसायला तिकीट? त्या दिवशी मला इंग्रजांबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं. आपल्यावर राज्य केलं तेव्हासुद्धा त्यांनी गच्चीचे पैसे घेतल्याचं ऐकिवात नाही.

विहीणबाई, त्यानंतर कितीतरी दुपारी मी त्या गावात राहून आले. इकडे सगळे कामावर, केया तिच्या उन्हाळी शाळेत, आणि मी पलंगावर पडलेली. थंड हवेचं यंत्र घूं घूं करत असतं, दूर कुठे मोठी गर्दी असावी तसं. डोळे मिटले की समुद्रावरून धुकं येतं. धुक्यात गाव, गावात घराला घर लागून, आणि प्रत्येक घरावर गच्ची. शनिवारची दुपार. सगळा गाव वर चढलेला. म्हातारे कठड्याला टेकून, पोरं टाकीवर, बायका एका हाताने कुरडयांवरचे कावळे हाकतायत आणि दुसऱ्या हाताने मफलर हलवतायत. खाली मैदान ताटाएवढं, हिरवंगार, आणि त्यात लाल-पांढरे खेळाडू डाळिंबाच्या दाण्यांसारखे सांडलेले. मग एक गच्ची गाणं काढते. ते धुक्यातून तरंगत दुसऱ्या गच्चीवर जातं, ती उचलते, तिसरी उचलते, आणि थोड्या वेळाने कुणी गात नसतं, गावच गात असतं. त्यात मला कधीकधी केयाचे आजोबाही दिसायचे, आपल्या बस्तीच्या मैदानात कबड्डी बघताना उभे राहायचे तसे, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांना इंग्रजी गाणं कसं येत होतं ते मी विचारलं नाही. जाग यायची तेव्हा गवतातले नळ उडत असायचे.

त्या गच्चीवर वॉल्टरभाऊंच्या शेजारी वर्षानुवर्षं एकच माणूस उभा असायचा. त्याला सगळे जिंजर म्हणायचे. उपासना म्हणाली, "आई, जिंजर म्हणजे आलं." मी म्हटलं, आडनाव आले असेल. ती म्हणाली नाही हो, केस लाल म्हणून. (आता टक्कल पडलंय, पण नाव राहिलंय.) हे आणि आलेबुवा, दर शनिवारी खांद्याला खांदा. एकाच थर्मासातून चहा. एकाचा बाप गेला तेव्हा दुसरा नुसता जवळ सरकून उभा राहिला. मे महिन्यात शेवटची मॅच झाली, नेहमीसारखं "चला, भेटू" म्हणून दोघं दोन वाटांनी गेले. आणि बसमध्ये बसल्यावर वॉल्टरभाऊंच्या लक्षात आलं की आता कुठे भेटू? तो उभा राहायचा ती जागाच राहिली नाही. आणि त्याचं खरं नाव, घर, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. एवढ्या वर्षांत विचारायची गरजच पडली नव्हती, जागा ठरलेली होती ना!

हे सांगताना ते हसत होते. डोरीनबाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, खुर्चीचं तिकीट मी घेणार नाही असा यांनी हट्ट धरलाय, महागाईवर चिडलेत असं जगाला सांगतात, पण खरं कारण हे की खुर्चीत बसलं आणि बाजूला भलताच माणूस निघाला तर? तेव्हापासून विहीणबाई, मला दुसरं काही सुचेनासं झालं. आलेबुवा भेटले पाहिजेत. मी पीठ मळताना हाच विचार, केयाची वेणी घालताना हाच. ("आज्जी, यू आर पुलिंग!" असं ती ओरडायची तेव्हा मी भानावर यायची.)

आणि आता तो दिवस, जेव्हा शोभना सगळ्यांच्या आधी आली. यंदा फुटबॉलचा सगळ्या जगाचा सामना इथे अमेरिकेतच होता, आणि त्याची फायनल टीव्हीवर. वॉल्टरभाऊंची विलायत त्यात नव्हतीच, हरून घरी बसलेली, पण ते म्हणाले बघायला काय जातं. मी म्हटलं मग आमच्याकडे या, आमचा टीव्ही तुमच्या जिलच्यापेक्षा मोठा आहे. (ते प्रफुल्लने ऐकलं आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, आई, असं बोलत नाहीत. मी म्हटलं, मोठा आहे तर आहे.)

सामना सुरू झाला. एकीकडे पिवळे, एकीकडे निळे. सगळे सोफ्यावर ओळीने बसलो, मांडीवर कागदाची ताटली. नरेंद्र प्रफुल्लला घराच्या कर्जाचं व्याज समजावत होता. शोभना मला पुण्याच्या ढोकळ्याबद्दल सांगत होती, जणू ढोकळा पुण्याचाच. गोल काही होईना. तास झाला, दीड झाला, तरी गोल नाही. कुणी ओरडेना, कुणी उठेना. वॉल्टरभाऊ मांडीवर ताटली घेऊन दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे बसले होते. मग हळूच उपासनाला म्हणाले, आमच्याकडेही जिथे जिथे आधी खुर्च्या आल्या तिथे आता हे असंच झालंय. लोक येतात, खातात, बघतात. उभं राहिलं की मागचा म्हणतो बसा. गाणं काढलं की पुढचा वळून बघतो. पोरं तर येतच नाहीत, बापाला दोन तिकिटं परवडत नाहीत, आणि जे घसा फोडायचे ते घरी रेडिओ ऐकतात. एवढं मोठं मैदान, आणि बॉलला लाथ बसल्याचा आवाज ऐकू येतो!

आणि मग त्यांनी ताटली खाली ठेवली. उठले. तुम्ही फोटोत पाहिलाय ना आपल्या बैठकीतला जिना, गालिचा घातलेला, टीव्हीच्या अगदी समोर? त्याच्या मधल्या पायरीवर जाऊन उभे राहिले, हाताने पायऱ्या दाखवल्या, आणि म्हणाले, "टेरेस!"

मी उपासनाकडे बघितलं. उपासनाने माझ्याकडे बघितलं. तुमची इंजिनीयर मुलगी विहीणबाई, तिचा चेहरा अगदी चौथीतल्या पोरीसारखा झाला. म्हणाली, "आई... टेरेस म्हणजे बहुतेक पायऱ्या. मैदानाच्या कडेच्या. उभं राहायच्या."

"आणि गच्ची?"

"गच्ची नव्हतीच हो आई."

माझं अख्खं गाव एका क्षणात खाली उतरलं. कावळे उडाले, कुरडया गेल्या, धुकं गेलं. मी सोफ्यावर बसले होते तिथेच मला पडल्यासारखं झालं. पण मग त्या पायरीवरच्या माणसाकडे बघितलं. हात पसरून उभा होता, डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. इतक्या वर्षांची सवय, शरीराने आपली आपणच सोडलेली. मी पदर खोचला आणि जाऊन त्या जागेच्या पलीकडे उभी राहिले. मधे कुणाला येऊ दिलं नाही.

मग काय विचारता! डोरीनबाई आल्या, जिल पोट सांभाळत खालच्या पायरीवर, केया कठड्याला लोंबकळत. प्रफुल्ल म्हणाला, "आई, जिना मोडेल." मी म्हटलं, तुझ्या घराचं व्याज नरेंद्र भरेल, तू वर ये. टेरेसचे नियम वॉल्टरभाऊंनी शिकवले. बुटके पुढे. बॉल गोलाकडे गेला की सगळ्यांनी एक पायरी पुढे झुकायचं, परत आला की मागे. आणि गप्प राहायचं नाही. गाणं पाहिजे! तर आमच्यातल्या कुणाला फुटबॉलचं गाणं येईना. नरेंद्र शाळेची प्रार्थना म्हणायला निघाला होता. मी म्हटलं थांबा, आणि दम भरून सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." केयाने उचललं. उपासनाने उचललं. डोरीनबाईंनी "कबाडी कबाडी" म्हणून उचललं. वॉल्टरभाऊंचा आवाज असा निघाला विहीणबाई, समुद्रावरून भोंगा यावा तसा, की टीपॉयवरचे पेले वाजले. शोभना कोपऱ्यातून म्हणाली, "काय हो हे काकू, शेजारी पोलिसांना फोन करतील." उपासनाने त्याचं इंग्रजी केलं, तशी वॉल्टरभाऊंची जिल वळून म्हणाली, शेजारी आम्हीच आहोत.

गोल शेवटपर्यंत झालाच नाही. मग एकेकाने येऊन समोरून बॉल मारायचा, असा निकाल लावतात. तोवर शोभनासुद्धा खालून दुसऱ्या पायरीवर आली होती (ढोकळ्याच्या ट्रेसकट). शेवटी एका निळ्या पोराने मारला तो जाळ्याच्या वरून कुठल्या कुठे. मी ओरडले, "गेला गच्चीवर!" उपासना हसत हसत पायरीवर बसलीच. वॉल्टरभाऊ काय झालं काय झालं म्हणून विचारायला लागले, तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "शी सेज, इट वेंट टू द टेरेस." तर ते गंभीरपणे म्हणाले, बरोबर, गोलाच्या मागे टेरेसच असते, असे बॉल मी आणि जिंजर झेलायचो. तेव्हा मी ठरवलं, माझी गच्ची मी काही पाडणार नाही. त्यांच्या पायऱ्याही राहू दे, माझी गच्चीही राहू दे.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात मोठी गर्दी कशाला जमते? मी म्हटलं, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर. किती माणसं? मी म्हटलं, लाखांनी. पुढचा प्रश्न काय असेल सांगा! "तिकीट किती?" मी म्हटलं, तिकीट नाही. बसायला जागा? मी म्हटलं, कुणी बसायला येतच नाही. ट्रक भरून येतात, गाड्यांना लटकून येतात, दोन-दोन दिवस चालत येतात. भाकरी फडक्यात बांधलेली. पांढरी लुगडी, निळे झेंडे, नजर पोचेल तिथपर्यंत. आम्हाला पूर्वी लोक सावलीएवढीसुद्धा जागा देत नव्हते, तिथे आता पाय ठेवायला जागा नसते, आणि कुणाचा कुणाला धक्का लागला तर दोघंही "जय भीम" म्हणतात. जाताना जो तो पुस्तक घेऊन जातो, वाचता न येणारासुद्धा नातवासाठी घेतो. वॉल्टरभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

मग म्हणाले, एवढ्या गर्दीत माणूस हरवला तर? मी म्हटलं, त्यात काय! भोंग्यावर पुकारतात. अमक्या गावची अमकी बाई, जिथे असशील तिथून मंचाजवळ ये, तुझा नवरा रडतोय. सगळे सापडतात. आणि हे बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, उपासना, यांना सांग, तुमच्या मैदानात भोंगा आहे की नाही? मग पुकारायला लावा! लाल केसांचे, म्हणजे टक्कल पडलेले आलेबुवा, जिथे असाल तिथून उठा, तुमचा शेजारी वॉल्टर वाट बघतोय!

ते आधी खूप हसले. मग हसायचे थांबले. मग डोरीनबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, माझा जुना कोट अजून चांगला आहे. आणि त्यांनी पोटावर हात ठेवला, मीही ठेवला.

शनिवारी ते विलायतेला गेले. ऑगस्टात त्यांच्याकडे मॅची सुरू होतात, पहिल्याच मॅचचं तिकीट घेणार आणि पुकारा करायला लावणार, असं मला वचन देऊन गेलेत. जाताना फटीतून हात बाहेर काढून हात मिळवला. आता पलीकडे नुसतं गवत आहे. आलेबुवा कुठल्या खुर्चीत असतील, असतील की नाही, भोंग्याचा आवाज त्यांच्या कानावर जाईल का, उठून उभे राहिले तर मागचा माणूस "बसा" म्हणेल का, या विचारात माझ्या दुपारी जातात. फार छान जातात.

व्याह्यांना जय भीम. मुंगवड्या केल्या असतील तर थोड्या राखून ठेवा.

तुमची विहीण,
देवका

ता. क. : एक विचारायचं राहिलं. तुम्ही ऑक्टोबर लागताच इकडे यायच्या म्हणता, म्हणजे तुमचा दसरा विमानात किंवा प्लेनोत. उपासना सांगते, तुम्ही लग्न झाल्यापासून दीक्षाभूमी एकदाही चुकवली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. मग आताच का चुकवता? आपल्या दोघींपैकी एकीने तरी तिथे असायला नको का? आणि गुडघा सोडला तर तुमचा पाय माझ्यापेक्षा भक्कम. शिवाय इथलं ऊन ऑक्टोबरातही तुम्हाला सोसायचं नाही, जानेवारीत मात्र हवा अगदी तुमच्या प्रकृतीसारखी असते, ना गरम ना थंड. माझं काय, मी इथूनच हात जोडीन.

आणखी ता. क. : खरं सांगून टाकते. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज प्रफुल्लने मागच्याच आठवड्यात पाठवला. सही माझी आहे, मराठीत. उपासना म्हणाली, आधी माझ्या आईला विचारा, म्हणून हे पत्र. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही, पण आलेबुवांचं काय झालं ते मग तुम्हालाच फटीपाशी उभं राहून ऐकावं लागेल, आणि तुम्हाला त्यांचं इंग्रजी समजणार नाही. तुम्ही मॅट्रिक आहात.

शेवटचं ता. क. : जिल दिवाळीनंतर बाळंत होणार आहे. तेव्हा वॉल्टरभाऊ आणि डोरीनबाई परत येणार ते थँक्सगिव्हिंग नावाच्या इथल्या सणाच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी.